खडूची खूण

वरच्या आजी घराबाहेर पडताना दारात पाठमोऱ्या उभ्या राहत आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारत, "माझ्या कोटावर काही लागलंय का, बघ जरा." जर्सी सिटीतल्या त्या लाकडी घराच्या त्या मालकीणबाई. त्या वर राहत, आम्ही दोघं खाली. लग्नाला चार महिने झालेली मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत असे. "म्हातारीला चळ लागलाय," असं नवऱ्याला सांगायचे आणि स्वच्छ कोट उगाच झटकून द्यायचे.

आजी ऐंशीच्या घरात होत्या. एकोणिसावं शतक संपायच्या आधी, सहा वर्षांच्या असताना, इटलीतल्या एका खेड्यातून आगबोटीने आलेल्या. नव्या माणसाला आधी जेवायला वाढायचं, नाव मग विचारायचं, हा त्यांचा नियम. आम्ही बॅगा उघडायच्या आत त्या शेवयांचं सूप घेऊन खाली आल्या. मी माझ्या कॉलेजच्या इंग्रजीत विचारलं, "ह्यात कोणी प्राणी आहे का?"

"होता," आजी म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याने सांगितलं म्हणून काढून घेतला."

त्यांची पाठ वळताच मी ते सिंकमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, प्रवासाला किती दिवस लागले? मी ऐटीत सांगितलं, दीड दिवस. त्यांना माझी कीवच आली. "अरेरे! आम्हाला बोटीवर पंधरा दिवस मिळाले रडायला. तुझं सगळं रडणं इथेच व्हायचंय." झालंही तसंच. आणि दर खेपेला वरून जिन्यावर पावलं वाजत, हातात काहीतरी गरम असे. पुढे पुढे त्यांनी प्राणी घालणंच सोडलं, आणि मी सिंकमध्ये ओतणं.

पहिल्या संक्रांतीला मी हळदीकुंकू करायचं ठरवलं. आसपास मराठी घरं सात. त्या सात बायका म्हणजे माझं माहेर, सासर, शेजार, सगळं. त्यांनी मला वाळीत टाकलं असतं, तर ह्या देशात मी बोलणार कोणाशी? त्यांत वयाने सगळ्यांत मोठ्या म्हणजे डॉक्टरांच्या घरच्या काकू. त्यांनी नुसती भुवई उचलली तरी बाकीच्या सहा जणी गप्प होत.

बाहेर गुडघाभर बर्फ, आत रेशमी साड्या आणि खाली लोकरीचे मोजे. आजींना मी बोलावलंच नव्हतं. त्या आपल्या आपण, पिसाची टोपी घालून आल्या आणि रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसल्या. मी सगळ्यांना हळदीकुंकू लावत त्यांच्यापाशी पोचले आणि थबकले. आजी विधवा. मी हात मागे घेतला आणि त्यांच्या हातावर नुसता तिळाचा लाडू ठेवला. तोही दगडासारखा.

"मला नाही लावत?" आजींनी विचारलं.

मी गडबडून म्हटलं, "नवरा असलेल्या बायकांनाच लावतात."

आजी लाडवाकडे बघत म्हणाल्या, "आम्ही इथे उतरलो तेव्हा बंदरावर तपासणीचा डॉक्टर जिन्याशी उभा असायचा. त्याला जो नको वाटेल त्याच्या कोटावर तो खडूने खूण करायचा. माझ्या आजीच्या पाठीवर केली. म्हातारी, नवरा नाही, डोळे लाल. रडून लाल झाले होते, पण त्याला कोण सांगणार? तिला परत त्याच बोटीने पाठवलं. ती खूण मी पुसायला हवी होती. माझा हात पोचत होता." मग हलकेच म्हणाल्या, "तेव्हा खूण झालेले बाहेर जायचे. तुमच्यात खूण न झालेले जातात, इतकंच ना?"

आणि त्या उठायला लागल्या.

मी काकूंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात उचलला नसता. "बसा, आजी," म्हणत मी करंड्यात बोट बुडवलं. घाईत अर्धं कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं.

मागून काकूंचा आवाज आला, "अगं, हळद कोण लावणार? अर्धवट काय सोडतेस!"

नाक न पुसता आजी तासभर बसल्या, आणि निघताना काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना जिना चढवला.

दोन वर्षांनी आम्ही दूर नेपरव्हिल गावात घर घेतलं. ट्रकमध्ये सामान चढत असताना आजी म्हणाल्या, "तिथे नंतर कोणी आलं तर जुनी तूच. आधी वाढ, नाव मग विचार." पुढच्याच हिवाळ्यात त्या गेल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं. मी मात्र आजतागायत कित्येकांना नाव न विचारता वाढलंय. एकदा तर पत्ता चुकून आलेल्या प्लंबरलाही.

माझा नवरा गेला त्याला आता दोन वर्षं झाली. ह्या संक्रांतीला एक नवी मुलगी करंडा घेऊन माझ्यापुढे आली आणि घुटमळली. "काकू, तुम्हाला... ओके आहे ना?"

"ओके म्हणजे? एवढ्या थंडीत साडी नेसून मी काय भिंती बघायला आलेय?" मी कपाळ पुढे केलं. तिने हसत हळद लावली, कुंकू लावलं आणि पुढे निघाली. माझ्या पलीकडच्या खुर्चीत गेल्याच वर्षी नवरा गेलेली एक बाई बसली होती. तिने आधीच मान खाली घातली होती, म्हणजे त्या मुलीला विचारायची वेळच येऊ नये.

"हिला राहिलं बघ," मी त्या मुलीला म्हटलं.

त्या बाईने मान वर केली.