खंडेनवमीची खोली

आमच्या अंबूवैनी, म्हंजे माझ्या थोरल्या भावाची बायको, पासष्टी उलटलेल्या. आष्ट्याच्या मळ्यात अजून पोरीबाळींच्या बरोबरीनं खुरपायच्या. बोलायच्या कमी, पण एकदा हेका धरला की सोडायच्या न्हाईत. मी लगीन न केलेला, फौजेतनं पेन्शनीत आलेला हवालदार, राग कायम नाकावर. त्यामुळं आमचं जमायचं बी आन् वाजायचं बी.

थोरला भाऊ नाथाजीदादा गेल्यावर वैनींनी पणजोबाची तलवार साताऱ्याच्या संग्रहालयाला दिली. त्यांना मूलबाळ न्हाई, घरात तलवार गंजून जाईल, तिथं नीट राहील, असा त्यांचा हिशेब. पण खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिशी, सकाळी न्हाऊन उपाशीपोटी तिची पूजा करायची हा घराचा नेम. त्यो मोडू नये, एवढीच त्यांना काळजी. गेल्या साली एस्टीनं पोचायलाच दुपार झाली, आन् तिथल्या माणसानं काचेला कुंकू लावू दिलं न्हाई. बोलला गोड, पण नेम चुकला त्यो चुकलाच. वैनी वर्षभर मनाला लावून बसल्या.

म्हणून शहात्तर साली आमी आदल्या दिशीच साताऱ्याला गेलो. संग्रहालयाच्या आसपास नाटकाचं थेटर, चित्रं रंगवणाऱ्यांची दुकानं, आन् नाटकवाल्यांसाठी लॉज. पहिल्या लॉजात पंखा, गरम पाणी, गादी मऊ. मी पिशवी ठेवली. वैनी खिडकीतनं वाकून म्हणाल्या, "हितनं रस्ता दिसतोय. नगं."

दुसऱ्याची गच्ची झकास, समोर अजिंक्यतारा, खाली संग्रहालयाचं अख्खं आवार. मालक म्हणाला, "मोठमोठे कलाकार हितंच उतरतात, मावशी."

"जिना लय हाय," वैनी म्हणाल्या आन् चालू लागल्या.

माझं डोकं फिरलं. रोज डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांध चढणारी बाई, हिला जिना जड झाला? मी वाटभर करवादत होतो.

तिसरा लॉज संग्रहालयाच्या मागं. तळमजल्याची खोली, शेजारी मोरी, खाट कुरकुरणारी. वैनींनी खिडकी उघडली. समोर लिंबाचं झाड, त्याच्यामागं संग्रहालयाची भिंत. गेल्या साली त्यांनी बघून ठेवलं हुतं, तलवार त्याच भिंतीला आतनं काचेत टांगलीया.

"हीच," त्या म्हणाल्या.

सकाळी वैनी न्हाल्या. खिडकीत पाट मांडला, हळदकुंकवाचं ताट आन् झेंडूची फुलं ठेवली, निरांजन लावलं आन् भिंतीकडं तोंड करून हात जोडले. त्यांच्या तोंडावर असं समाधान मी दादा गेल्यापासनं बघितलं नव्हतं. मला बी लय बरं वाटलं.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "भावजी, खोली ध्यानात ठेवा. मी आता किती दिस पुरणार? माझ्यामागं तुमालाच यायचं हाय."

"यीन की."

"म्हणून तर काल जिना नगं म्हणाले. लढाईत तुमच्या गुडघ्याला लागलेलं. दोन पायऱ्या चढला तरी रातभर कण्हता, मला काय ऐकू येत न्हाई व्हय?"

काल दिवसभर मी त्यांनाच बोल लावत हुतो. मी पाटापाशी बसलो आन् ताट माझ्याकडं ओढून घेतलं.

"आधी हळद वाहायची का कुंकू?" मी इचारलं.

"हळद," वैनी म्हणाल्या.