शेजारणीनं काढायला लावलेली कविता

शिरूर कासारच्या पुढं एका खेड्यात राहणाऱ्या एका कवयित्रीला मी ताई म्हणते. तिच्या पहिल्या संग्रहाच्या कविता टाइप करून द्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. त्यापायी तो उन्हाळाभर बीडहून खेपा घालत होते.

कविता तपासायची ताईची रीत जगावेगळी. दुपारी आयाबाया तिच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडायला जमायच्या. त्यांच्यात बसून, शेंगा फोडता फोडताच ताई नवी कविता तोंडपाठ म्हणायची. बायांचे हात थांबले तर कविता पास, नाही तर खुशाल सोडून द्यायची. मला तिच्या या बेफिकिरीचा हेवा वाटायचा.

त्या दुपारी तिनं उसाच्या फडात बाळंत झालेल्या बाईची कविता म्हटली. सगळ्यांचे हात थांबले. संग्रहातली सर्वांत चांगली कविता हीच, म्हणून मी ती घाईघाईनं मोबाइलवर उतरवून घेतली. ताईची शेजारीण तेवढी खाली मान घालून भराभरा शेंगा फोडत राहिली. ऐन जवानीत ती आणि ताई एकाच टोळीत ऊस तोडायला जायच्या.

बाकीच्या बाया गेल्यावर ती ताईला म्हणाली, "ही पुस्तकात घालू नको, बाई."

मी मध्येच तोंड घातलं. "पण मावशी, त्यात तुमचं नाव कुठंय?"

"या बायांला समदं ठावं हाय. पर माजी पोरगी पुस्तकं वाचती. तिच्या आधीचं एक लेकरू फडातच गेलं, हे तिला म्या कदीच सांगितलं न्हाई."

ताई माझ्याकडं वळली. "पूस ती."

मी लई वाद घातला. ताई ऐकेना. शेवटी चरफडत पुसली. फार वाईट वाटलं, रागही आला. पण एवढी चांगली कविता एका शब्दावर सोडून देणारी दुसरी कवयित्री मी पाहिलेली नाही.

शेजारीण पदरातली टरफलं झटकत दारापर्यंत गेली, थबकली, आणि परत येऊन ताईला खेटून बसली.

"त्या लेकराचं आजवर कुनी नावबी काडलं न्हाई," ती म्हणाली. "मला एकटीला पुन्यांदा म्हनून दाखव."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. आत ताईनं म्हणायला सुरुवात केली होती.