कारणाचा रकाना

कॉलेज सोडायच्या अर्जात ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कोल्हापुरातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या अकरा मुलींनी त्या रकान्यात एकच उत्तर लिहिलं: घरगुती अडचण. एकाच महिन्यात अकरा घरांत अडचण आली आणि कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडच्या संस्थांना कुणी शिकवावं लागत नाही.

या अकरा जणींनंतरची बारावी मुलगी म्हणजे वर्षाराणी चौगुले. हातकणंगल्याजवळच्या खेड्यातली, दोन म्हशींच्या घरातली, वय एकोणीस. सुई टोचायचा सराव घरी कच्च्या पपईवर करणारी, इतकी हौस.

हॉस्पिटलचा स्टाफ आजारी पडला तसं सेकंड इयरच्या मुलींना कोविड वॉर्डात ढकललं. ‘शिकायची संधी आहे,’ असं प्राचार्या मॅडम म्हणाल्या. शिकवायला वॉर्डात कुणी फिरकलं नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायचा कसा, हे वर्षाराणीला बाळाबाईनं दाखवलं, आणि बाळाबाई ही वॉर्ड पुसणारी मावशी. शिकवणाऱ्या मॅडम तेव्हा घरी बसून मोबाईलवर हात कसे धुवावेत ते शिकवत होत्या. वर त्या तासाला गैरहजर म्हणून वॉर्डातल्याच मुलींना झापत होत्या. ऐकूनच डोक्यात तिडीक जाते.

हेही तिनं सोसलं. सोसवलं नाही ते फोनचं काम. वॉर्डातला तरुण डॉक्टर मुंबईकडचा. पेशंट गेला की घरी कळवणं त्याचं काम. पहिल्याच आठवड्यात त्यानं फोन वर्षाराणीच्या हातात दिला. ‘तुझी बोली यांना कळते. तूच सांग.’ एकदा दिला तो कायमचाच.

एके दिवशी पन्हाळ्याच्या बाजूच्या एका बाईला फोन लागला.

‘व्हय, बोला की,’ बाई म्हणाली. ‘आमच्या मालकांनी चहा घेतला का? त्येस्नी बिनसाखरेचा लागतोय, तेवढं सांगा तिथं.’

मालकांना जाऊन तास झाला होता. वर्षाराणीनं सांगितलं. पलीकडं कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाईनं विचारलं, ‘तू कोण गं बाळ? डॉक्टर का?’

‘न्हाय,’ ती म्हणाली, ‘मी शिकतोय.’

त्यानंतर तिनं चहाच सोडला. आठवड्याची सुट्टी मागितली, तर प्राचार्या मॅडमकडून ‘सेवा हाच धर्म’ असं ऐकायला मिळालं. धर्म सांगणाऱ्या मॅडम स्वतः वॉर्डाचा जिनासुद्धा चढल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या लेकीच्या जिवावर धर्म करायला काय जातंय? तिनं कॉलेज सोडायचं ठरवलं.

ऑफिसातले क्लार्क शांतिनाथअण्णा मायाळू माणूस. फॉर्म देताना त्यांनी हळूच सांगितलं, ‘बाळ, घरगुती अडचण लिव. सगळ्यांनी तसंच लिवलंय. लगेच सही हुतीया.’

वर्षाराणीनं लिहिलं: ‘वॉर्डात एकटीला सोडतात. शिकवत कोणी नाही. मेलेल्या माणसांच्या घरी फोन माझ्याकडून करवतात.’ रकाना पुरला नाही, म्हणून समासात लिहिलं.

प्राचार्या मॅडमनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. ‘हे खोड. घरगुती अडचण लिही. पाच मिनिटांत मोकळी करते.’

‘ते खोटं हाय, मॅडम.’

मॅडमनी तिच्या घरी फोन लावला. मुलगी भेदरेल म्हणून मुद्दाम स्पीकरवर. आई, झुंबरबाई, गोठ्यातच होती. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, ‘मुलीला जरा समजवा. घरी अडचण आहे एवढं लिहिलं, की मी लगेच सोडते तिला.’

‘आमच्या घरात कसली वो अडचण?’ झुंबरबाई म्हणाली. ‘म्हशी दूध देत्यात, मालक धडधाकट हाईत, पोरीला आमी काय माघारी बलवलं न्हाय. अडचण तुमच्या घरात हाय, आन नाव आमच्या घराचं लिवून घेताय व्हय?’

फोन तिकडूनच बंद झाला. शेजारी उभ्या असलेल्या अण्णांनी उगाच हातातली एक फाईल उघडली. मॅडमनी अर्ज टेबलावरून सरकवला. ‘असलं कारण लिहिलेला अर्ज मी घेणार नाही.’

‘मग माझं नावबी कटत न्हाय,’ वर्षाराणी म्हणाली. तिनं अर्ज उचलून खिशात घातला. ‘उद्या ड्युटीवर येतो. फोन मात्र मी करणार न्हाय.’

दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या बेडवरचे आजोबा गेले. डॉक्टरनं सवयीनं फोन तिच्यापुढं धरला. तिनं नंबर लावला आणि फोन त्याच्याच हातात ठेवला.

‘अगं, मला यांची बोली जमत नाही.’

‘माणूस गेला म्हणायला बोली लागत न्हाय, सर. तुम्ही बोला. मी हितंच उभारलोय.’

तिकडं रिंग वाजत होती. डॉक्टरनं दोनदा तिच्याकडं बघितलं, पण तिनं हात पुढं केला नाही. अर्ज तिच्या खिशात होता, आणि रकान्यातलं एक अक्षरही तिनं खोडलेलं नव्हतं.