वीस पुरचुंड्या

आमच्या आईने आयुष्यात एकदाच लबाडी केली आणि ती मी संख्याशास्त्राने पकडली. हे वाक्य मी आजवर निदान पन्नास वेळा, दोन्ही हात वर करून, लोकांना ऐकवलं आहे. त्यातलं 'एकदाच' तेवढं खोटं. बाकी सगळं खरं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहापूरहून मुरबाडकडे जाताना रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. माझी अकरावी संपली होती आणि कॉमर्सच्या बारावीचे जादा तास मे महिन्यातच सुरू झाले होते. मी सकाळच्या एसटीने शहापूरला जायची. वर्गात पंखा होता, वीज नसायची.

एक दिवस सर पिशवीभर चिंचोके घेऊन आले. त्यातल्या काहींना चुना फासलेला. प्रत्येकाने न बघता दहा काढायचे, पांढरे किती ते सांगायचं, परत टाकायचे, पिशवी हलवायची. पहिल्या बाकावरच्या मुलीला तीन पांढरे आले, मला सहा, माझ्या मागचीला चार. सर फळ्यावर आकड्यांची ओळ मांडून त्या त्या आकड्यावर एकेक फुली चढवत गेले. तास संपला तेव्हा फळ्यावर फुल्यांचा डोंगर उभा होता. मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता.

"पिशवी तीच," सर म्हणाले. "मूठ बदलली की आकडा बदलतो. एका मुठीवर जाऊ नका, खूप मुठी कशा पसरतात ते बघा. यालाच नमुना वितरण म्हणतात."

मागून एकाने शहाणपणा केला, "पण सर, शितावरून भाताची परीक्षा..."

"तुझी आई भात एकसारखा शिजवते म्हणून. कच्चापक्का राहिला तर किती शितं दाबशील?" मग सरांनी खडू रोखला. "आणि उद्या सगळ्यांना एकच आकडा यायला लागला, तर मी पिशवीकडे बघणार नाही. तुमच्याकडे बघीन."

त्या दिवशी घरी आले तर अंगणात आई-बाबांचं भांडण रंगात आलेलं. पेरणी जवळ आली म्हणून बाबांनी कणगीतले भाताच्या बियाण्याचे दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते. ते उघडले तर सहालाच मोड.

"दहातलं चार मेलं! कणगीला ओल लागली. बी गेलं."

"कौल फुटलंय, बदला, असं मी दिवाळीपासून सांगते. तवा कान कुटं व्हता?"

"आता थोरल्याकडचं बी आणायचं. तू जा नि मागून आण."

थोरला म्हणजे माझा काका, घर आमच्याला लागून. पण बी-बियाणं काकीच्या ताब्यात, आणि आई-काकीचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. काकीची कोंबडी आमच्या पडवीत अंडी घालायची. अंडी कोंबडीवालीची की पडवीवालीची, यावर दोघींनी तोंडं फिरवली होती. त्या दारात जाऊन ओंजळ पसरायची म्हणजे आईचं मरण.

मी दप्तर खाली टाकलं आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिले. "बाबा, एका मुठीवर जाऊ नका!"

"हिला काय झालं?"

मी चिंचोके सांगितले, डोंगर सांगितला, सरांसारखं बोटही रोखलं. बाबांना काही पटलं नाही, पण पेरणीला आठवडा होता. "चार दिस देतो. मंग ही जाईल बी आणाया."

मी कणगीच्या वरून, खालून, मधून दाणे काढले, ते नीट कालवले आणि दहा-दहाच्या वीस पुरचुंड्या बांधल्या. आईचं जुनं लुगडं त्यात गेलं. सगळ्या भिजवून टोपलीत ठेवल्या, वर ओलं गोणपाट.

चौथ्या सकाळी बाबांसमोर पुरचुंड्या सोडल्या. दहा. दहा. दहा. आठ. दहा. दहा. बाबांचा चेहरा फुलत गेला. "आयला, बी तर सोन्यावानी!" आई चुलीपाशी होती आणि वळून बघतसुद्धा नव्हती.

मी कोळशाने पडवीच्या भिंतीवर फुल्या मांडत होते. सहावर एक, सातवर एक, आठवर तीन, नऊवर दोन, आणि दहावर तेरा. हा डोंगर नव्हता. टेकडीशेजारी विजेचा खांब रोवला होता.

बाबा बैलांना पाणी पाजायला गेले तशी मी आत शिरले. "आई, पुरचुंड्यांना हात कोणी लावला?"

"मांजर आली असंल."

"मांजर दहा दाणे मोजून बांधते?"

आई फुंकणीने जाळ करत राहिली. चुलीमागे एक टोप होता, त्यात मूठभर भिजवलेलं भात. मोड आलेलं बरंचसं वेचून नेलेलं, मेलेलं तळाशी उरलेलं.

"किती बदलल्यास?"

"बारा. तू आंघोळ लवकर आटपलीस, नायतर सगळ्या केल्या असत्या."

आता पंचाईत होती. सगळंच बी जिवंत धरून पातळ पेरलं तर राबात, म्हणजे रोपांच्या भाजलेल्या वाफ्यात, रोपं कमी उगवणार, आणि मग ऐन लावणीत, सगळ्या गावादेखत, काकीकडेच रोप मागायला लागणार. मी आईला ते सांगितलं. तिने फुंकणी खाली ठेवली. खांबातल्या बारा फुल्या मी पुसल्या. उरल्या आठ पुरचुंड्या, ऐंशी दाणे. पासष्ट जिवंत.

"दहाला आठ," मी म्हटलं.

"म्हंजे गेलं?"

"नाही गेलं. चार पायल्यांच्या जागी पाच पेरायच्या." कणगीत तेवढं बी होतं.

बाबा आल्यावर मी पाच पायल्या जाहीर केल्या. ते हसले. "समदं जित्तं हाय, मंग पाच कशाला?"

मी भिंतीकडे बघितलं, छपराकडे बघितलं.

"बारा मी बदलल्या," आई आतूनच म्हणाली.

बाबांनी दारातून आत बघितलं. मग म्हणाले, "मला सांगायचं व्हतंस."

"तुमी ऐकलं असतं?"

बाबांनी पायली उचलली आणि पाच मापल्या.

राब बरा आला. शेवटच्या खाचरात रोप जरा लांब लांब लावावं लागलं, पण पुरलं. त्याच दिवशी काकी बांधावरून चालली होती. ती थांबली आणि हवेत बघून म्हणाली, "बी मेलं व्हतं म्हनं कुनाचं तरी."

आई वाकलेलीच होती. रोप चिखलात खोचत ती म्हणाली, "दहातलं दोन मेलं. आठ जितं."

दोन वर्षांतलं तिचं काकीशी पहिलं वाक्य.

"आमी मोजलं नाय," काकी म्हणाली, आणि तरी जाईना.