दोन बोटांचा ब्रेक

मिस्त्रीला सगळे मिस्त्रीच म्हणत. सायकलींच्या दुकानात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचं खरं नाव कोणाच्या लक्षात राहतंय? ब्रेकच्या कामात त्याचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट तो गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचा. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. ब्रेकच्या डिस्कला, म्हणजे चाकावरच्या चकतीला, कोणी उघडं बोट लावलं की त्याचं डोकं फिरलंच. बोटाचं तेल डिस्कला लागतं, डिस्कचं तिला दाबणाऱ्या पॅडला लागतं, मग ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, हे पुराण तो इतक्यांदा ऐकवायचा की नेहमीची गिऱ्हाइकं दुकानात शिरतानाच हात खिशात घालायची.

अशा माणसाने आपल्या पोटच्या पोरीला ब्रेकच्या बाबतीत फसवावं, म्हणजे काय म्हणायचं! पण फसवलं. एकदा नाही, तीन वर्षं फसवलं.

पोरीला घरात बारकी म्हणत. एकुलती एक, त्यात अंगाने काडी, जेमतेम बावन्न किलो. पण टेकडीच्या माथ्यावरून सायकल सोडली की बघणारा डोळे मिटून घ्यायचा. ती ज्या सायकल शर्यतीत उतरायची ती म्हणजे नुसता उतार. दगड, झाडांची मुळं, घसरडी माती, मध्येच दोन पुरुष उंचीवरून उडी, आणि चार मिनिटांत पायथा. तिथे पाय मारायचं काम थोडंच असतं. सगळी करामत ब्रेकची. कुठे धरायचा, किती धरायचा आणि कधी सोडायचा, एवढं ज्याला जमलं तो पुढे. बारकीला ते जमत होतं, आणि बापानेच शिकवलं होतं.

बारकीची आई हाडांच्या वॉर्डात परिचारिका होती. टेकडीवरून पडलेला जो तो तिच्याच हाताखालून जायचा. मोडलेली मनगटं, खांदे, गुडघे तिने इतके पाहिले होते की त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी मात्र बारकीच्याच वयाची एक मुलगी आली, मान दुखावलेली. तिला गळ्याखालचं काहीच कळत नव्हतं आणि ती सारखी विचारत होती, माझे बूट काढले का? आई कामावरून आली ती चप्पल न काढता सरळ दुकानात गेली आणि म्हणाली, "आपल्या पोरीला माझ्या वॉर्डात आणू नका. तुम्ही ब्रेकमधले एवढे शहाणे ना? मग काय ते बघा."

मिस्त्रीने बघितलं. आता ब्रेकची गोष्ट अशी आहे. उतारावर ब्रेक एका बोटाने दाबायचा असतो. लिव्हर, म्हणजे हँडलवरची ब्रेकची दांडी, आखूड, बोटाच्या पेरात बसणारा. बाकीची तीन बोटं आणि अंगठा हँडलला घट्ट. ब्रेक दोन बोटांनी दाबला की हँडल धरायला दोनच बोटं उरतात, निम्म्या उतारातच हात भरून येतात आणि शेवटच्या मिनिटाला माणूस जिवाच्या भीतीने सावकाश येतो. हे मिस्त्रीला पाठ होतं. म्हणून तर त्याने बारकीच्या सायकलला लांब, दोन बोटांचे लिव्हर लावले आणि तिची सवय मोडून नवी लावली. म्हणाला, तुझ्या हातात जोर कमी आहे, एक बोट पुरायचं नाही.

पोरीने बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला. हात भरून येतात म्हणून तक्रार केली, तेव्हा या गृहस्थाने खिशातून एक रबरी चेंडू काढून दिला. दिवसातून तीनशे वेळा दाब, म्हणे, आपोआप जोर येईल. इतका साळसूद चेहरा करून, की बघत राहावं! बारकी चेंडू दाबत राहिली. जेवताना डाव्या हातात, बसमध्ये उजव्या हातात. शर्यतीत पाचवी, सहावी, आठवी यायची, पण धडधाकट यायची. आईचा जीव भांड्यात पडला. मिस्त्री स्वतःला सांगायचा की आपण शब्दाला जागलो, आणि हे त्याला पटायचंसुद्धा.

टेकडीवर एक मोठा संघ दरवर्षी निवड करायचा. पहिल्या पाच जणी आत, बाकीच्यांनी घरी जायचं. वयाची बावीस वर्षं पूर्ण झाली की नव्याने कोणाला घेत नसत. गेल्या वर्षी बारकी दीड सेकंदाने सहावी आली. यंदा निवडीनंतर तीन आठवड्यांनी तिला बावीस पूर्ण होणार होती. म्हणजे हीच शेवटची संधी, आणि नेमके तिचे जुने ब्रेक नळीतलं तेल गाळायला लागले.

मिस्त्रीने दोन जोड मागवले आणि दोन्ही खोकी टेबलावर उघडी करून ठेवली. बारकीने दोन्हींकडे पाहिलं, लिव्हर चाचपले आणि म्हणाली, "तुम्हीच ठरवा, बाबा. तुमच्याइतकं मला कळत नाही."

दुसऱ्या कोणाचं काळीज चरकलं असतं. याचंही चरकलं, खोटं कशाला बोला. म्हणून तर त्याने पहिल्या खोक्यातले ब्रेक आधी लावून पाहिले. आखूड लिव्हर, एका बोटाचे. दुकानामागच्या उतारावर तो स्वतः सायकल घेऊन गेला. नवे पॅड आधी घासून बसवावे लागतात. वेग घ्यायचा, हळूहळू दाबायचं, पूर्ण थांबायच्या आत सोडायचं, पुन्हा वर जायचं. असं पंचवीस वेळा. पंधराव्या फेरीला ब्रेक धरू लागला, आणि काय धरू लागला! बोटाने जेवढं मागावं तेवढंच देत होता, ना कमी ना जास्त. बारकीच्या बोटासाठीच घडवल्यासारखा. उताराच्या तळाशी तो एक पाय टेकून उभा राहिला आणि त्याला अगदी स्वच्छ दिसलं, की या ब्रेकवर पोरगी तीन-चार सेकंद सहज काढेल. पाचात येईल. मग संघात जाईल, याच्यापेक्षा तिप्पट मोठ्या डोंगरांवर जाईल, आणि तिथे पायथ्याशी वाटेकडेचा दोर धरून उभं राहायला बाप नसेल.

त्याने परत येऊन ते ब्रेक उतरवले. पॅड पुसून खोक्यात ठेवले, खोकं फळीवर मागे सारलं. दुसऱ्या खोक्यातले लावले. मोठ्या डिस्क, लांब लिव्हर, नव्वद किलोच्या गड्याला जागच्या जागी उभा करतील असे. बारकीने विचारलं, हे का? तो म्हणाला, "यांच्यात ताकद जास्त आहे. तू चेंडू सोडू नकोस म्हणजे झालं."

निवडीच्या दिवशी तो पायथ्याशी दोराला धरून उभा होता. वरच्या झाडीतून बारकी बाहेर आली तेव्हा अर्ध्या वाटेपर्यंत ती तिसरी होती, कर्ण्यावरून तसं सांगितलंही. मग शेवटचा खडकाळ पट्टा आला. मिस्त्रीला लांबूनही दिसलं, की तिचे हात गेलेत. कोपरं आवळलेली, वळणाआधी दहा हात ब्रेक, मागचं चाक आवळून घसरतंय, पुन्हा ब्रेक. ती खाली आली. फलकावर सहावा नंबर लागला, एका सेकंदाने. आणि या माणसाच्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? आली बाबा, धड आली. त्याला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, आणि पुढे आयुष्यभर त्याला हेच आठवत राहिलं.

बारकी हँडलवर डोकं टेकून उभी होती. बोटं वाकडीच राहिली होती, सरळ होत नव्हती. संघाच्या सायकली बघणारा कारागीर तिच्याजवळ आला. त्याला चष्मेवाला म्हणत. आधीची सहा वर्षं त्याने मिस्त्रीच्याच दुकानात काढली होती, काम तिथेच शिकला होता. त्याने सहज बारकीचा लिव्हर दाबून पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. हे कोणी लावलं, त्याने विचारलं.

"बाबांनी," बारकी म्हणाली. हरली होती, तरी हे सांगताना मान वर केली होती तिने.

चष्मेवाल्याला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. "मिस्त्रींनी? दोन बोटांचा लिव्हर? अगं, ब्रेक एका बोटाने दाबायचा हे मला त्यांनीच शिकवलं. दुसरं बोट लिव्हरवर दिसलं की पान्याने टोला हाणायचे."

मग त्याला मिस्त्री दिसला, आणि त्याने लिव्हरवरचा हात काढून घेतला. बारकीने वळून बापाकडे पाहिलं. मिस्त्री दोराची गाठ सोडून पुन्हा बांधत बसला होता. ती गाठ काही सुटलेली नव्हती.

दोघं घरी आली. स्वयंपाकघरात आई भाजी चिरत होती. बारकी उभ्याउभ्याच बापाला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

वाटेत मिस्त्रीने बरीच उत्तरं जुळवली होती. ताकदीची, वजनाची, डिस्कच्या आकाराची. ती सगळी बाजूला राहिली. शेवटी म्हणाला, "तू धड आलीस ना खाली?"

बारकीने खिशातून चेंडू काढला. दाबून दाबून त्याचा रंग गेला होता, एका बाजूला चीर पडली होती. तो तिने त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. "तीन वर्षं दाबतेय मी हा. प्रत्येक वेळी हरले की वाटायचं, माझ्याच हातात काही नाही. तुम्हीसुद्धा तसंच म्हणायचात."

ती आपल्या खोलीत गेली. मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. त्याला वाटलं, ही तरी आपल्या बाजूने बोलेल, जे केलं ते हिच्याच सांगण्यावरून केलं. तसं तो म्हणालाही. तिने विळी आडवी केली. "मी पोरीला जपा म्हटलं होतं," ती म्हणाली, "तिला कमी लेखा म्हटलं नव्हतं." आणि चिरलेली भाजी उचलून ती ओट्याकडे वळली. खरं म्हणजे तीन वर्षं तिनेही एकदासुद्धा विचारलं नव्हतं, की तुम्ही नक्की काय केलंत. पण हे तिला सुनावायची मिस्त्रीची छाती झाली नाही.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. बारकी बापाशी बोलते. जेवण वाढू का, किल्ली कुठे आहे, पाणी गेलंय, सगळं बोलते. फक्त सायकलीचं बोलत नाही. फळीवरचं ते मागे सारलेलं खोकं ती एक दिवस न विचारता घेऊन गेली. आता सायकलीचं सगळं काम ती चष्मेवाल्याकडे करून घेते. मिस्त्रीची मुलगी साध्या पंक्चरलासुद्धा दुसऱ्याच्या दारात जाते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाइकं विचारत नाहीत. मिस्त्रीही हल्ली ब्रेकवरचं पुराण ऐकवत नाही.

बावीस पूर्ण झाल्यावर पाचव्या दिवशी ती टेकडीवर एकटीच गेली होती. चष्मेवाल्याने खाली घड्याळ लावलं होतं. निवडीच्या दिवसापेक्षा चार सेकंद कमी. ही बातमी मिस्त्रीला गिऱ्हाइकाकडून कळली. संघाची यादी तेव्हा लागून गेली होती.

एका सकाळी बारकी आंघोळीला गेली होती आणि सायकल बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलेली होती. मिस्त्री सायकलीजवळ गेला. काहीतरी खोट सापडेल, निदान एखादा स्क्रू तिरका असेल, या आशेने गेला. त्याने एक बोट लिव्हरवर ठेवून दाबलं. लिव्हर पेरात बरोबर बसला. नळी नेमकी कापलेली, लिव्हरचा कोन मनगटाच्या रेषेत, पॅड दोन्ही बाजूंनी सारखे. सगळं त्याने शिकवलं होतं तसंच. त्याने पुन्हा दाबलं, आणि आणखी एकदा.

आत पाणी बंद झालं. मिस्त्रीने खांद्यावरचं फडकं घेतलं आणि लिव्हरवर उठलेला आपल्या काळ्या बोटाचा ठसा घाईघाईने पुसला, तिला दिसू नये म्हणून.