भाच्याच्या घराची झडती

नोकरीतले पुष्कळ खटले आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. लोणावळ्याच्या पुतळ्यांच्या माळेचा खटला मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो.

स्वातंत्र्यापूर्वीचा काळ. मी लोणावळ्याला फौजदार होतो. बाजारातल्या एका दुकानदाराच्या घरात भरदुपारी चोर शिरला. दुकानदाराची बायको एकटीच होती. तिच्या डोक्यात वरवंटा घालून त्याने गळ्यातली सोन्याच्या पुतळ्यांची, म्हणजे नाण्यांसारख्या चकत्यांची, माळ ओढून नेली. बाई वाचली. फिर्यादीत तिने खूण सांगितली: एका पुतळीची कडी तुटलेली, तिथे तांब्याची तार.

बरेच दिवस धागा मिळेना. मग गावोगाव बांगड्या भरणारी एक कासारीण ठाण्यात आली.

"सायेब, टाकव्याकडं एका सूनबाईला बांगड्या भरत हुते. पदर सरला तर गळ्यात पुतळ्या! त्या घरात चूल धड पेटत न्हाई. माजं नाव मातुर घेऊ नगा."

वडगावच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांकडून झडतीचे वॉरंट घेतले. पंच म्हणून एक शेजारी बोलावला आणि दुसरे आबा, संशयिताचे, म्हणजे त्या सूनबाईच्या नवऱ्याचे, सख्खे मामा. त्या आईवेगळ्या भाच्याला आबांनीच वाढवले होते.

"साहेब, हा उलटणार," जमादार कुजबुजला.

"उलटला तर उलटू दे. पण गावात याच्या शब्दाला मान आहे," मी म्हणालो.

दारात मी हात वर केले. "आबा, आधी आमची झडती घ्या." गाव हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी माझे खिसे, शिपायांचे पटके, सगळे चाचपले. मग आत गेलो. भाताच्या कणगीत तळाशी माळ सापडली, तांब्याच्या तारेसकट.

"कुठून आणलीस?" मी भाच्याला विचारले.

"माज्या आईची हाय."

मी पुढचा प्रश्न विचारायच्या आत आबा बोलले, "तुजी आई माजी भन व्हती. काळ्या पोतीबिगर तिच्या गळ्यात कायबी न्हवतं. मेलेल्या मानसाच्या नावावर चोरी घालतूस?"

भाच्याने सगळे कबूल केले. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. खटला त्या झडतीवरच टेकला होता, आणि आबा साक्षीला उभे राहताच बचावाच्या वकिलांनी नेमका तिथेच घाव घातला.

"माळ पोलिसांनीच कणगीत ठेवली, खरे ना?"

"कशी ठिवतील? आत जायच्या आदी त्यांची झडती मीच घेतली."

"पोलिसांनी धमकावले म्हणून सख्ख्या भाच्याविरुद्ध बोलता?"

आबांनी पिंजऱ्यातल्या भाच्याकडे पाहिले. डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत. "वकीलसायेब, त्याला ह्या हातानं भरवलाय. त्यो सुटावा आसं माज्याइतकं कुनाला वाटंल? पर त्या बाईचं डोकं फुटलंय. माळ कणगीतच घावली. मी बघितलंय."

वकील खाली बसले. कोर्टाने झडती ग्राह्य धरली, आरोपीला सक्तमजुरी झाली आणि माळ बाईला परत मिळाली. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना माझा ऊर भरून आला होता.

पंच निवडताना आपल्या बाजूचा माणूस शोधायची सवय आमच्या खात्यात तेव्हा होती. मी त्यानंतर आरोपीच्या जवळचा खरा माणूस शोधू लागलो. असा माणूस साक्षीला उभा राहिला की मी कोर्टात निर्धास्त बसायचो.