डाव्या चाकाची नक्कल

बुधवार, ११ मार्च. हवा कोरडी. सकाळी दहा पस्तीसला गाडी मिस्त्रींकडे नेली. मागची दोन्ही चाकं गरम, उजवं अधिक. चढावर कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी गाडी चालते. वर्षभरातली ही चौथी खेप. रविवारी चार वाजता मुलगी गाडीला गिऱ्हाईक बोलावणार आहे. मिस्त्रींना तसं सांगितलं. ते "बघू" म्हणाले. दुपारी उशांचे अभ्रे बदलले.

"बघू" हा मिस्त्रींचा ठरलेला शब्द. "होईल" असं ते कुणालाच म्हणत नसत. त्यांच्या लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावरही ते "बघू" म्हणाले होते, आणि त्याला आता चौतीस वर्षं झाली. बायको अधूनमधून विचारी, "बघून झालं का?" मिस्त्री त्यावर पाना शोधायला उठत.

त्यांचं गॅरेज म्हणजे पूर्वीची लाकडाची वखार. एका वेळी एकच गाडी आत मावे, तीही आरसे दुमडून. मिस्त्री शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावून काम करत. ब्रेकचा ड्रम उघडला की आतली काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची, असा त्यांचा दंडक होता. पण सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. मागच्या ब्रेकचं काम असलं की ड्रम दोन्ही काढायचे, पण आतलं सामान एकाच चाकाचं सोडायचं. तोवर दुसऱ्या चाकाला बोटही लावायचं नाही. हात अडला की उठायचं, पलीकडे जाऊन ते न सोडलेलं चाक बघायचं, परत यायचं आणि आरशात दिसतं तसं उलटं करून इकडे बसवायचं. त्या दुसऱ्या चाकाला ते 'उत्तर' म्हणत.

नियमाला कारण होतं. विशीत असताना त्यांनी एका गाडीची दोन्ही चाकं एकदम सोडली. संध्याकाळी काम संपलं, मालक गाडी घेऊन गेला, आणि हात धुताना मिस्त्रींच्या खिशात एक स्प्रिंग सापडली. गाडी उताराखालच्या एका कुंपणात थांबली. माणसाला काही झालं नाही, कुंपणाला झालं. ते बांधून द्यायला मिस्त्री तीन रविवार जात होते. तेव्हापासून उत्तर हाताशी असल्याशिवाय त्यांनी एकही ब्रेक उघडला नव्हता.

आणि आता हीच एक गाडी ऐकायला तयार नव्हती. मागच्या वर्षी फेब्रुवारीत उजव्या चाकाचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, झिजले म्हणून बदलले, तेव्हापासून ब्रेक दाबल्यावर धरून राहायचे ते राहायचेच. एप्रिलमध्ये सगळा गंज घासून काढला. ऑगस्टमध्ये हँडब्रेकची केबल नवी घातली. डिसेंबरमध्ये दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदलले, नियमाप्रमाणे आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. दर वेळी दोन-चार महिन्यांत ती नोंद लिहिणाऱ्या बाई परत येत. तक्रार करत नसत. चाकाला हाताची मागची बाजू लावून, तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसं बघत आणि म्हणत, "आहे अजून."

बाई गाडी काढत ती आठवड्यातून एकदा, गुरुवारी. टेकडीपलीकडे वृद्धाश्रमात त्यांची थोरली बहीण होती. बस तिकडे सोमवारी जाई आणि भेटायची परवानगी गुरुवारी असे. बहीण आता बाईंना ओळखत नव्हती. गाडीला ओळखत होती. खिडकीतून ती निळी गाडी दिसली की चपला पायात घालून दाराशी उभी राही, मग दोघी आवारात चक्कर मारून येत. मुलीने एकदा आपल्या गाडीतून आईला नेलं होतं. त्या दिवशी बहिणीने चपला घातल्या नाहीत. हे मिस्त्रींना माहीत होतं, कारण बाईंनी सांगितलं होतं. आवाज अजिबात न बदलता, टायरमधली हवा सांगावी तसं.

गुरुवारी सकाळी गाडी जॅकवर होती. मिस्त्रींनी उजवं चाक सोडलं, पुसलं, पलीकडे जाऊन डावं बघितलं, परत येऊन उजवं बघितलं. दोन्ही हुबेहूब. चूक कुठेच नव्हती. ते उलट्या खोक्यावर बसून राहिले. तेवढ्यात बाई आल्या. पायी. हातातल्या पिशवीत दोन जाड वह्या होत्या.

"आज तिकडे नाही गेलात, बाई?"

"कशाने जाणार?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "बसा. वही बघून सांगा, पहिल्यांदा गरम कधी झालं?"

"तुम्ही लायनर बदललेत तेरा फेब्रुवारीला. एकवीसला उजवं गरम."

"आणि डावं?"

"डावं आधीपासूनच गरम असायचं."

"आधीपासून म्हणजे कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. हे म्हणायचे, वय झालंय गाडीचं, अंग थोडं कोमट असायचंच."

मिस्त्रींनी हात फडक्याला पुसले. "सहा वर्षांत मला एकदाही बोलला नाहीत?"

"तुम्ही उजव्याचं विचारलं होतंत."

हे खरं होतं. मिस्त्रींनी डाव्या चाकाकडे बघितलं. हे चाक आपण पहिल्यांदा उघडलं ते गेल्या वर्षी फेब्रुवारीत, आणि तेव्हाही नुसतं बघायला, हे त्यांना आठवत होतं. पण आतले लायनर मूळचे नव्हते.

"त्याआधी हे कुणी उघडलं होतं?"

बाईंनी दुसरी वही काढली, पानं उलटली, एका ठिकाणी थांबून मनातल्या मनात वाचलं आणि वही मिटली.

"ह्यांनी. एका रविवारी, पुस्तकात बघून."

"सगळं एकट्याने?"

"हाताला तीन टाके पडले. तेवढं डॉक्टरने केलं."

"मला बोलले नाहीत कधी."

"मिस्त्रींना कळू देऊ नये, असंही लिहिलंय इथे."

"मग आज कसं सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत. आपणहून मी काही सांगितलं नसतं, आणि विचारल्यावर खोटं मला बोलता येत नाही."

मिस्त्रींना बाईंचे यजमान आठवले. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. विम्याच्या ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस. दर रविवारी संध्याकाळी याच खोक्यावर बसून इंजिनाबद्दल सल्ले द्यायचा. सल्ले बहुतेक चुकीचे असत, पण माणूस गोड होता. एका रविवारी तो हाताला पट्टी बांधून आला होता. टोमॅटो चिरताना लागलं म्हणाला. त्या दिवशी त्याने एकही सल्ला दिला नव्हता. मिस्त्रींना तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं.

बाई गेल्यावर मिस्त्रींनी डाव्या चाकापाशी फतकल मारली आणि तेही सोडायला घेतलं. वखारीमागेच घर होतं. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, दोन्ही एकदम? तब्येत बरी आहे ना?"

"उत्तर चुकलंय."

"मग आता बघणार कुठे?"

"डोक्यात."

"तिथे काही सापडलं तर मलाही दाखवा," असं म्हणून तिने चहा खोक्यावर ठेवला आणि गेली.

जमिनीवर जुनी चादर अंथरून मिस्त्रींनी सामान मांडलं. खिसे रिकामे करून शर्ट खुंटीला लावला, म्हणजे जुनी गोष्ट पुन्हा नको. दर चाकाच्या दोन स्प्रिंगा. ब्रेक दाबला की लायनर चिमट्यासारखे फाकतात, त्यांना परत आत ओढणाऱ्या. दिसायला जुळ्या बहिणी. हातात घेऊन ताणल्याशिवाय कळत नव्हतं की एकीची तार जाड आहे. मिस्त्रींनी दोन्ही ताणून बघितल्या. लायनर खाली टेकलेले असतात आणि वरून फाकतात. म्हणजे जोर लागतो वर. म्हणजे जाड स्प्रिंग वर हवी. यजमानांनी ती खाली लावली होती. वरची नाजूक स्प्रिंग लायनर परत ओढायची खरी, पण पुरता नाही. आणि मिस्त्रींनी ते बघून उजवीकडे तसंच बसवलं होतं. एकदा नाही, चार वेळा, अतिशय काळजीपूर्वक.

एवढं समजायला चहा गार होण्याइतकाच वेळ लागला. इतकी वर्षं हा विचार करायची वेळच आली नव्हती, उत्तर समोर असायचं.

थकलेल्या स्प्रिंगा टाकून त्यांनी चारही नव्या घातल्या, जाड वर, बारीक खाली. चादरीवर काही उरलं नाही हे दोनदा बघितलं, खुंटीवरच्या शर्टाचा खिसाही चाचपला. शुक्रवारी संध्याकाळी ब्रेक दाबून सोडला आणि चाक हाताने फिरवलं. आधी ते अर्ध्या फेरीत थांबायचं. आता फिरतच राहिलं. मिस्त्री ते थांबेपर्यंत बघत बसले.

रविवारी तीन वाजता बाईंची मुलगी गॅरेजवर आली. "मिस्त्रीकाका, रागावू नका," ती म्हणाली. "पण आई त्या घाटात अडकली तर मी तिकडून काय करणार? एकदा टेकडीवर जाऊन येऊ. चाक गरम लागलं तर चारला येणाऱ्याला हो म्हणायचं. आई, कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या आणि गाडी चालवायला बसल्या. मुलगी शेजारी, मिस्त्री मागे, गुडघे हनुवटीशी घेऊन. उतारावर बाईंनी सात वेळा ब्रेक दाबला. मिस्त्रींनी मोजलं.

परत आल्यावर मुलगी उतरली आणि उजव्या चाकापाशी वाकली.

"तळवा नको," मिस्त्री म्हणाले. "हाताची मागची बाजू."

तिने हात लावला, ठेवला, मग पलीकडे जाऊन डाव्याला लावला. तिथे जरा जास्त वेळ ठेवला.

"थंड आहे."

"थंड नाही, कोमट," बाई म्हणाल्या. "सात वेळा दाबलाय. एवढं असणारच."

मुलीने फोन काढून त्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाली, "गुरुवारी मावशीकडे पोचल्यावर मला फोन करायचा. निघतानाही." आणि मिस्त्रींना विचारलं, "इतके दिवस नक्की काय होत होतं, काका?"

मिस्त्रींनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "माझी चूक. उत्तर न तपासता नक्कल करत होतो."

"कुणाची नक्कल?"

"माझीच," मिस्त्री म्हणाले आणि पाने गोळा करायला लागले.

बाई गाडीला किल्ली लावत होत्या. त्यांना खोटं बोलता येत नसे. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

रविवार, १५ मार्च. हवा कोरडी. गाडी राहिली. दोन्ही चाकं कोमट, सारखी. मिस्त्रींना आवडतात तशा सुपाऱ्या द्यायच्या राहून गेल्या, गुरुवारी येताना द्याव्यात. मुलगी सव्वापाचला गेली. दोन किलो बटाटे आणले. चार खराब निघाले.